पिडतंय कोण?

"ओ मावशी, किती पिडायलाव! गुरुवारी या म्हटलं ना?"

खिडकीच्या आतून हे वाक्य आलं, तेव्हा मी रांगेत मावशींच्या मागे दुसरा होतो. मावशी साठीच्या. सोलापुरात अशोक चौकापलीकडे आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. चाळीस वर्षं विड्या वळतात. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर त्यांच्या नावाला 'बाई' लागलंय, आधार कार्डावर 'अम्मा'. घर तेलुगू, तिथे त्या अम्मा. कारखान्याच्या मुनिमाने कधीकाळी मराठीत नाव लिहून घेतलं, तिथे बाई. दोन्ही त्याच. या दोन शेपटांपायी पेन्शन अडलंय. त्या दिवशीची त्यांची खेप दहावी होती.

मावशी काही बोलल्या नाहीत. दोन्ही कागद पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला दोन वेढे दिले आणि कमरेला खोचली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पानं वाळली असतील आता." ज्याच्या घरात कधी विडी वळली गेली नाही, त्याला हे वाक्य कळणार नाही. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात. ओलसर असतील तोवरच ती कापली जातात आणि वळली जातात. वाळली की कडक होतात, मग दुमडताना फाटतात. हजार विड्या, म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे, हे दिवसभराचं काम. रांगेत गेलेल्या सकाळचे कट्टे कुणी भरून देत नाही. खिडकीतल्या माणसाचा पगार त्या सकाळीही चालू होता.

दहा वेळा येणारी बाई पिडते. दहा वेळा परत पाठवणारा काय करतो? मराठीत त्यालाही क्रियापदं आहेत. टोलवतो, झुलवतो, रखडवतो. पण ती खिडकीच्या आत कुणी उच्चारत नाही आणि खिडकीबाहेर लोक दबक्या आवाजात उच्चारतात. 'पिडणं' तेवढं मोठ्याने बोललं जातं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला राग आला तो या मोठ्या आवाजाचा. म्हणून या आठवड्याची जागा या एका क्रियापदाला.

'पिडणे' आलं संस्कृतातल्या 'पीड्' धातूवरून. पीड् म्हणजे दाबणं, चेपणं. त्याच धातूतून मराठीला दुसरं क्रियापद मिळालं, 'पिळणे'. 'ड'चा 'ळ' झाला आणि एका आईच्या दोन लेकी दोन घरी गेल्या. उसाच्या, धुण्याच्या वाट्याला पिळणं आलं. माणसाच्या वाट्याला पिडणं. आमच्या जिल्ह्यात दर गळीत हंगामात या बहिणींची गाठ पडते. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत साखर कारखान्याने शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. बिल थकलं की शेतकरी शेती ऑफिसला चकरा मारतो, चेअरमनच्या गाडीपुढे उभा राहतो, आणि तिथे त्याला ऐकवतात, सारखं पिडू नका. ऊस पिळून झाला, साखर गोदामात गेली, त्या साखरेवर बँकेकडून उचलही घेऊन झाली. आणि पिडणारा कोण ठरला, तर ज्याचा ऊस होता तो.

मराठीला या कामासाठी शब्द कधी कमी पडले नाहीत. भंडावणं, सतावणं, पिरपिर, भुणभुण, कटकट, टुमणं, धोशा, लकडा, तगादा, ससेमिरा. पण कोणता शब्द कुणाला चिकटतो ते बघा. पिरपिर पोरांची. भुणभुण बायकोची. कटकट म्हाताऱ्या आईबापांची. टुमणं सुनेचं. ज्यांच्या हातात मागण्यापलीकडे काही नाही, त्यांच्या मागण्याला आपण डासाचा, रडक्या मुलाचा, करकरणाऱ्या दाराचा आवाज दिला. आणि बँक मागते ती वसुली. कंपनी मागते तो फॉलोअप. साहेब मागतात ते स्मरणपत्र. मागणं तेच, तितक्याच वेळा.

सोलापुरात एका गल्लीत चार भाषा नांदतात. मराठीत माणूस मागे लागतो. तेलुगूत 'वेंटपडु' म्हणतात, म्हणजे मागोमाग पडणं. कानडीत 'बेन्नु हत्तु', बेन्नु म्हणजे पाठ, पाठीला लागणं. दखनीत 'पीछे पडना'. भाषा दोन वेगळ्या कुळांतल्या, लिप्या वेगळ्या, पण मागणाऱ्याला चौघींनीही पाठीमागेच उभं केलं. मला हे फार दिवस नुसतं गमतीचं वाटायचं. त्या खिडकीपाशी उमगलं की पुढे चाललेला माणूस थांबून वळला असता, तर मागे लागायची वेळच आली नसती.

एक जण मात्र समोरून येतो.

सोमवारी सकाळी आठला तो मावशींच्या दारात असतो. महिलांच्या गटाला कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा पोरगा. वय चोवीस-पंचवीस, हातात टॅब, पाठीला सॅक, मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी. सुनेचा हप्ता मागच्या आठवड्यात चुकला. तो उंबऱ्यावर बसतो आणि हलत नाही. शेजारणींना ऐकू जाईल असं बोलतो. तोवर सुनेच्या माहेरी कुंभारीला दोन फोन झालेले असतात. मावशी त्याला चहा देतात. तोही कुठल्यातरी गावाहून आलेला, त्याच्याही मागे वरचा साहेब लागलेला, हे त्यांना दिसतं. मलाही दिसतं. तरी त्याच्या कंपनीला नियम ठाऊक नाहीत असं मी मानणार नाही. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ला सूक्ष्म कर्जांसाठी निर्देश काढले. वर्षाचं घरउत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना विनातारण दिलेली कर्जं त्यात येतात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. सारखे फोन करायचे नाहीत. नातेवाइकांना, मित्रांना, सोबत काम करणाऱ्यांना छळायचं नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आला नाही, तरच घरी जायचं. सुनेचा हप्ता चुकला होता एकदा.

म्हणजे सारखं मागे लागणं हा गैरवागणुकीचा प्रकार आहे, हे देशाच्या मोठ्या बँकेने छापून ठेवलंय. गल्लीत मात्र त्या पोराला कुणी 'पिडू नको' म्हणत नाही. त्याला 'सर' म्हणतात.

याचं जुनं नाव तगादा. शब्द मूळचा अरबी 'तकाज़ा', फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि घरचाच झाला. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये दख्खनच्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचं वर्णन आहे. साध्या मागणीपासून त्याची सुरुवात व्हायची. मग ऋणकोवर पहारा बसवायचा, जेवू द्यायचं नाही, डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभं करायचं, इथपर्यंत मजल जायची. त्याने टिपलेला फरक मला त्याहून मोलाचा वाटतो. देणेकरी खालचा किंवा बरोबरीचा असेल, तर त्याला घरात कोंडायचं, उन्हात बसवायचं. देणेकरी वरचा असेल, तर घेणेकऱ्याने आधी विनवण्या करायच्या, त्याच्या अब्रूला साद घालायची, मग त्याच्या उंबऱ्यावर आडवं पडायचं, वाटेत लोटांगण घालायचं, दारासमोर उपाशी बसायचं. समोर कुणी उपाशी बसलं की घरधन्यालाही जेवता येत नसे. घेणं तेच, पैसाही तोच. पण एका बाजूचा देह उन्हात उभा केला जायचा आणि दुसऱ्या बाजूचा घेणेकरी स्वतःचाच देह उंबऱ्यावर टाकायचा.

हे दुसरं म्हणजे धरणं. दुबळ्याचा तगादा. १८६०च्या भारतीय दंड संहितेने त्यालाही हात घातला. दैवी कोपाची भीती घालून दुसऱ्याकडून काम करवून घेणं हा कलम ५०८चा गुन्हा, आणि कायद्यानेच त्याखाली दिलेलं पहिलं उदाहरण दाराशी धरणं धरून बसणाऱ्याचं होतं. सावकाराला आता धोंडा आणि ऊन लागेना, त्याच्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा होता. शेतकऱ्याचा उंबरा मात्र गेला. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या दप्तरांना आग लावली, त्यामागे हेही एक दुखणं होतं असं मी समजतो. पुढे १८७९ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला तो चार जिल्ह्यांपुरता: पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर. कागदावरचा आकडा तसाच्या तसा न मानता कोर्टाने कर्जाचा आधीचा सगळा इतिहास बघावा, अशी सोय त्यात होती. हुकूमनाम्याच्या आधी काय घडलं ते विचारायला सरकारला आगीची वाट बघावी लागली.

आता ससेमिरा. 'ईडीचा ससेमिरा', 'चौकशीचा ससेमिरा' असं आपण रोज वाचतो. शब्दाच्या पोटातली गोष्ट मात्र पेपरात येत नाही, आणि ती मला मावशींच्या बाजूची वाटते.

सिंहासनबत्तिशीतली कथा आहे. एक राजपुत्र शिकारीला गेला, रानात एकटा पडला. मागे वाघ लागला म्हणून झाडावर चढला, तर फांदीवर अस्वल. अस्वल म्हणालं, घाबरू नकोस, तू माझ्या आसऱ्याला आलास. रात्री राजपुत्र त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. खालून वाघ म्हणाला, टाक त्याला खाली. अस्वलाने नकार दिला. मग अस्वल झोपलं, राजपुत्र जागा राहिला. वाघाने त्यालाही तेच सांगितलं आणि राजपुत्राने अस्वलाला ढकललं. अस्वल फांदीला लोंबकळून वाचलं. त्याच्या शापाने राजपुत्र वेडा होऊन नगरात परतला. तोंडात चारच अक्षरं, स-से-मि-रा. दुसरा शब्द नाही. शेवटी पडद्याआडून एका शहाण्याने चार श्लोक म्हटले, या चार अक्षरांनी सुरू होणारे, विश्वासघाताच्या पापाबद्दलचे. एकेका श्लोकाला एकेक अक्षर गळत गेलं. चौथ्या श्लोकाला राजपुत्र शुद्धीवर आला.

ज्याने भरवशाला ढकलून दिलं, त्याच्या जिभेवर ससेमिरा बसला. अस्वल राजवाड्याच्या खिडकीशी दहा वेळा गेलं नाही. आपण शब्द पुरता उलटा केलाय. आज ससेमिरा मागणाऱ्याचा म्हणतात, आणि ज्याने ढकललं तो म्हणतो मला त्रास होतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द जिथून निघाला तिथे परत न्या. चाळीस वर्षं पगारातून पैसे कापून घेतले, ते म्हातारपणी परत देण्याचा शब्द दिला. तो भरवसा मावशींनी मांडीवर डोकं ठेवावं तसा ठेवला होता.

आणि मागे लागून काही मिळत नाही असं जो म्हणेल, त्याने अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला जावं. तिथे गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. त्यांच्या चाव्या २००६मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हातून मिळाल्या. त्याच भागात पुढे रे नगर उभं राहिलं, ३०,००० घरांची योजना. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ला त्यांच्याच हस्ते पहिल्या १५,००० घरांचं वाटप झालं. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, आणि दोन्ही वेळा मागणी घेऊन उभे राहिलेले माजी आमदार नरसय्या आडम तिसऱ्याच, लाल झेंड्याच्या पक्षाचे. आडम मास्तरांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, त्या बायकांनी काय केलं ते बघा. मोर्चे काढले, धरणी धरली, सभांना बसल्या, विड्यांचं सूप घरी ठेवून मजुरी बुडवून गेल्या. दोन सरकारांना पिडलं, त्यातून चाळीस हजार घरांच्या दोन योजना निघाल्या. त्यांना एखाद्या वर्षी कुणी सांगितलं असेल, गुरुवारी या. त्या गुरुवारी आल्या असतील.

हे वाचून कुणी मला विचारील, की मग मुलीच्या मागे लागणाऱ्या पोरालाही तुम्ही चिकाटीचा म्हणणार का? नाही. तिथे देणं कुणाचंच नसतं. कॉलेजच्या फाटकापासून रिक्षापर्यंत मुलीच्या मागे चालणारा कुठल्याही हक्काचं मागत नसतो. कायद्याने त्याला २०१३पासून गुन्हा ठरवलंय, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, आणि मला वाटतं त्याच्यासाठी 'मागे लागणं' हा शब्दच वापरू नये. 'पाठलाग' म्हणावं, कायदा म्हणतो तसं. गाण्यांनी आणि सिनेमांनी 'मागे लागण्या'ला लावलेला गोडवा खरवडून काढायला हवा.

माझी कसोटी साधी आहे. देणं कुणाकडे आहे? ज्याच्याकडे देणं आहे त्याला 'मला पिडतात' म्हणायचा अधिकार नाही, मग त्याच्याकडे दहा वेळा जा की शंभर वेळा. सुनेकडे हप्ता बाकी आहे, हे मी झाकत नाही. कंपनीने तो मागावा, पण नऊनंतर, ठरलेल्या जागी आणि तिच्या माहेरच्यांना मध्ये न ओढता. मावशींकडे मात्र कुणाचं काही देणं नाही. त्यांचं घेणं आहे. तरी एकाच घरात सोमवारी सुनेला उंबऱ्यावरून बोलणी बसतात आणि गुरुवारी सासूला खिडकीतून.

खिडकीतल्या माणसाला मला एक मागणं मागायचंय. 'परत या' म्हणताना ते कागदावर लिहून द्या. काय कमी आहे, कोणता दाखला हवा, कधी यायचं, खाली सही. दहा खेपांत मावशींच्या पिशवीत अशी एकही चिठ्ठी जमलेली नाही. पहिल्यांदा सांगितलं आधार दुरुस्त करा, चौथ्यांदा सांगितलं आधार राहू द्या, कारखान्याचं पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावरचा शिक्का पुसट. प्रत्येक वेळी तोंडी. लिहून दिलं असतं तर तिसऱ्या खेपेला काम झालं असतं, आणि तुम्हालाही 'पिडायलाव' म्हणावं लागलं नसतं.

काल संध्याकाळी मावशींकडे गेलो होतो. सूप मांडीवर होतं, बोटं चालूच होती. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोरा, तोंड दुमडून बंद. बोलताना त्या खाली बघत नाहीत. मी म्हटलं, गुरुवारी मी येतो सोबत, सगळं लिहून मागू. त्या म्हणाल्या, "तुमी आलात तर पिडायलाव नाही म्हणणार की ते."

खरं आहे. माझ्या शर्टाला इस्त्री असते, मला ते 'सर' म्हणतील.

गुरुवारी अकरावी खेप. बुधवारी रात्री पानं भिजवायची की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.